साडेदहा कोटींच्या कर्जाची अठ्ठ्याण्णव कोटींची फेड: पाउवे स्कूल डिस्ट्रिक्टचं रोखे प्रकरण

ऑगस्ट २०१२ मध्ये ‘व्हॉइस ऑफ सॅन डिएगो’ या स्थानिक वृत्तसंस्थेनं एक हिशेब छापला आणि कॅलिफोर्नियाभर खळबळ उडाली. सॅन डिएगो शहराच्या उत्तरेकडच्या पाउवे युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्टनं २०११ मध्ये शाळा दुरुस्तीसाठी १० कोटी ५० लाख डॉलर उभे केले होते. त्यापोटी फेडायचे होते सुमारे ९८ कोटी १० लाख. पहिली वीस वर्षं एक सेंटही भरायचा नाही; २०३३ ला हप्ते सुरू आणि २०५१ ला संपणार. मधल्या काळात व्याजदर कितीही उतरले तरी हे कर्ज मुदतीआधी फेडून टाकायची सोय नाही.

यात चोरी नव्हती. मतदान रीतसर झालं होतं, पैसे शाळांवरच खर्च झाले, आणि त्या वेळच्या कायद्यात असं कर्ज बसत होतं. म्हणूनच हे प्रकरण उलगडून बघण्याजोगं आहे. मतदारांना कराचा दर न वाढवण्याचं वचन दिलं गेलं, आणि ते वचन पाळायच्या खटपटीत परतफेडीची रक्कम नऊपट झाली.

पैसा येतो कुठून

अमेरिकेतलं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं मंडळ निवडून येतं, हद्द ठरलेली असते, आणि मतदारांच्या मंजुरीनं तिला त्या हद्दीतल्या मालमत्तांवर कर बसवता येतो. पगार, पुस्तकं, वीजबिल हे रोजच्या अंदाजपत्रकातून भागतं. इमारतीसाठी एकरकमी मोठा पैसा लागतो, तो रोखे विकून उभा करतात. रोखे घेणाऱ्यांचं मुद्दल आणि व्याज फेडण्यापुरता जादा कर दरवर्षी घरपट्टीच्या बिलात बसतो.

कॅलिफोर्नियात या व्यवस्थेला १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ चं कुंपण आहे. प्रॉपोझिशन म्हणजे थेट मतदारांच्या कौलाला टाकलेला प्रस्ताव. मूळ मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर बांधलेला, आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढायचं. शाळांच्या रोख्यांचा कर या १ टक्क्याच्या वर बसतो, पण त्यासाठी मतदारांचा कौल लागतो. १९८६ पासून दोनतृतीयांश मतं लागत. नोव्हेंबर २००० मध्ये प्रॉपोझिशन ३९ मंजूर झालं आणि उंबरठा ५५ टक्क्यांवर आला.

ही सवलत फुकट मिळाली नाही. कोणत्या शाळेत काय करणार याची यादी आधी द्यायची. पैसा शिक्षकांच्या वा अधिकाऱ्यांच्या पगाराकडे वळवायचा नाही. दरवर्षी आर्थिक आणि कामाचं असं दुहेरी लेखापरीक्षण करायचं, आणि किमान सात जणांची नागरी देखरेख समिती नेमायची. तिच्यात पालक, ज्येष्ठ नागरिक, व्यापारी आणि करदात्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी हवा. डिस्ट्रिक्टचा कर्मचारी किंवा ठेकेदार चालत नाही. शिवाय युनिफाइड, म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल सगळ्या शाळा एकत्र चालवणाऱ्या, डिस्ट्रिक्टच्या बाबतीत एका निवडणुकीत मंजूर झालेल्या रोख्यांचा अंदाजित कर दर लाख डॉलर करपात्र मूल्यामागे ६० डॉलरच्या आत हवा.

यातला ‘अंदाजित’ हा शब्द लक्षात ठेवावा. ही मर्यादा रोखे विकताना तपासली जाते आणि तेव्हा पुढच्या काळातली मूल्यवाढ गृहीत धरलेली असते. रोखे एकदा विकले गेले की फेडीला लागेल तेवढा कर बसवणं काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाला, भाग असतं. त्याला वरची मर्यादा नसते. म्हणून तर गुंतवणूकदार हे रोखे निर्धास्तपणे घेतात. थोडक्यात, दराचं आश्वासन मतदारांना मिळतं आणि परतफेडीची हमी सावकाराला. दोन्हींत टक्कर झाली तर कोण जिंकणार हे आधीच लिहून ठेवलेलं असतं.

दोन निवडणुका

पाउवे डिस्ट्रिक्टचं क्षेत्र मोठं आहे. पाउवे शहर, राँचो बर्नार्डो, राँचो पेनास्किटोस आणि फोर-एस रँचसारख्या नव्या वसाहती त्यात येतात. नव्या वसाहतींतल्या शाळांसाठी मेलो-रूस नावाचा वेगळा ठोक कर असतो. १९८२ च्या कायद्याखाली तो बांधकामाच्या वेळीच घरांवर बसतो. जुन्या भागातल्या शाळांना हा आधार नव्हता. म्हणून जुन्या भागापुरतं एक सुधारणा क्षेत्र आखलं गेलं आणि तिथल्याच मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला गेला.

नोव्हेंबर २००२ मध्ये प्रॉपोझिशन यू मंजूर झालं: १९ कोटी ८० लाख डॉलर, २४ जुन्या शाळांचं नूतनीकरण. कराचा दर सांगितला होता दर लाखामागे ५५ डॉलर. म्हणजे ५ लाख करपात्र मूल्याच्या घराला वर्षाला २७५ डॉलर.

पैसा पुरला नाही. जुन्या शाळेच्या कामात अंदाज चुकण्याची कारणं ठरलेली असतात. भिंत उघडल्यावर ॲस्बेस्टॉस निघतं, जुनी वीजजोडणी नव्या भाराला पुरत नाही, उतार आणि स्वच्छतागृहं अपंगांसाठीच्या नियमांत बसवावी लागतात. त्यात कॅलिफोर्नियातल्या शाळांचे नकाशे राज्य वास्तुविशारद विभागाकडून मंजूर करून घ्यावे लागतात. १९३३ च्या लाँग बीच भूकंपात शाळा कोसळल्या, तेव्हा आलेल्या फील्ड ॲक्टची ही अट आहे आणि ती योग्यच आहे. पण वेळ आणि पैसा दोन्ही खाते. २००४ नंतर पोलाद आणि सिमेंटही महागलं. यादीतल्या काही शाळा तशाच राहिल्या.

मग फेब्रुवारी २००८ मध्ये प्रॉपोझिशन सी आलं: आणखी १७ कोटी ९० लाख. या वेळी प्रचाराचा सगळा भर एका वाक्यावर होता, की कराचा दर वाढणार नाही. तोच ५५ डॉलरचा दर पुढे आणखी काही वर्षं चालू राहील, इतकंच. मतदारांनी ५५ टक्क्यांची अट पार करून दिली.

गोम इथेच आहे. कर्जाला तीन टोकं असतात: किती घेणार, वर्षाला किती भरणार, आणि किती वर्षं भरणार. प्रस्तावानं पहिलं टोक बांधलं, वचनानं दुसरं. उरलं तिसरं, आणि त्यावर मतदारांना कोणी काही विचारलं नव्हतं.

मंदी आली आणि हिशेब फिरला

दर कायम ठेवून नवं कर्ज पेलायचं तर करपात्र मूल्याचा पाया वाढत राहायला हवा. २००२ ते २००६ मध्ये घरं धडाधड विकली जात होती. प्रत्येक विक्रीला मूल्य बाजारभावावर जात होतं आणि पाया आपोआप फुगत होता. २००८ नंतर विक्री मंदावली, जप्तीतली घरं पडेल भावानं जाऊ लागली. बाजारभाव करपात्र मूल्याखाली गेला तर मूल्य तात्पुरतं कमी करण्याची तरतूद कायद्यात आहे. काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयांनी ती वापरली. २०१०-११ मध्ये तर वार्षिक वाढीचा गुणांकच उणे ०.२३७ टक्के निघाला. प्रॉपोझिशन १३ आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. ज्यांनी घर विकलं नव्हतं त्यांचंही मूल्य किंचित घटलं.

आता डिस्ट्रिक्टपुढचा पेच आकड्यात मांडू. हे गणित समजण्यापुरतं आहे, दर गोल धरलेत. १० कोटी ५० लाख डॉलर साध्या रोख्यांनी, ३० वर्षांसाठी, ५ टक्क्यांनी घेतले तर सारखा वार्षिक हप्ता सुमारे ६८ लाख ३० हजार येतो. एकूण फेड साडेवीस कोटींच्या आसपास, म्हणजे मुद्दलाच्या जेमतेम दुप्पट. पण हा हप्ता पहिल्याच वर्षापासून भरावा लागतो. लाखामागे ५५ डॉलरनं तेवढी रक्कम गोळा करायला सुमारे १,२४० कोटी डॉलरचं करपात्र मूल्य फक्त याच कर्जासाठी मोकळं हवं. ते मोकळं नव्हतं. ५५ डॉलरचा दर आधीच्या रोख्यांच्या फेडीत गुंतलेला होता.

मंडळापुढे चार वाटा होत्या. दर वाढवायचा, म्हणजे वचन मोडायचं. कामं टप्प्याटप्प्यानं करायची आणि उरलेल्या शाळांना थांबायला सांगायचं. मतदारांकडे खरा आकडा घेऊन परत जायचं. किंवा आधीचं कर्ज फिटेपर्यंत नव्या कर्जाचा एकही हप्ता पडणार नाही अशी रचना शोधायची. चौथी वाट तयारच होती, आणि ती सुचवणाऱ्या सल्लागारांची नि रोखे विकून देणाऱ्यांची फी रोखे विकले गेले की पदरात पडते, २०५१ पर्यंत थांबावं लागत नाही.

‘कॅब’ म्हणजे काय

कॅपिटल ॲप्रिसिएशन बाँड, बोलीभाषेत कॅब. साध्या रोख्यावर दर सहा महिन्यांनी व्याज हातात मिळतं. कॅबवर काहीच मिळत नाही. व्याज मुद्दलात मिसळत जातं, त्यावर पुन्हा व्याज चढतं, आणि मुदत भरल्यावर सगळं एकदम द्यायचं. आपल्याकडे किसान विकास पत्र घेणाऱ्याला ही चाल ओळखीची वाटेल, फक्त इथे आपण घेणाऱ्याच्या नाही तर देणाऱ्याच्या खुर्चीत बसलो आहोत.

चक्रवाढीचा वेग बघा. ७ टक्के दर, सहामाही चक्रवाढ धरली तर १ डॉलरचे १० वर्षांनी २ होतात, २० वर्षांनी ४, ३० वर्षांनी ७.९ आणि ४० वर्षांनी १५.७. पाउवेची फेड २२ व्या वर्षापासून ४० व्या वर्षापर्यंत पसरलेली आहे. त्यामुळे सरासरी ९.३ पट निघते, आणि ७ टक्क्यांच्या आसपासच्या दराला हा आकडा अगदी जुळतो. दरात काही विपरीत नाही. विपरीत आहे ती मुदत. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत शाळांच्या रोख्यांना २५ वर्षांची मर्यादा होती. पण शासन संहितेखाली रोखे काढले तर ४० वर्षं मिळत. या वळणवाटेनंच हे रोखे निघाले.

मुदतपूर्व फेडीचं कलम नसणं हा दुसरा घाव. गुंतवणूकदाराला चाळीस वर्षं करमुक्त, स्थिर परतावा हवा असतो. मध्येच पैसे परत मिळण्याची शक्यता असली तर तो जास्त दर मागतो. दर कमी पडावा म्हणून ते कलम सोडून दिलं जातं. २०१२ नंतर व्याजदर घसरले, ज्यांच्या रोख्यांत कलम होतं त्या संस्थांनी महागडं कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेतलं. पाउवेला ती दारं बंद होती. पुढे २०१७ च्या केंद्रीय करकायद्यानं आगाऊ पुनर्वित्तासाठी, म्हणजे जुनं कर्ज फेडायची वेळ येण्याआधीच त्यासाठी नवं घेऊन ठेवायला, करमुक्त रोखे काढणंही बंद केलं, त्यामुळे उरलीसुरली फटही बुजली.

२०३३ ते २०५१ या १९ वर्षांत सरासरी ५ कोटी १६ लाख डॉलर दरवर्षी लागणार. लाखामागे ५५ डॉलरच्या दरानं तेवढे गोळा करायला जवळपास ९,४०० कोटी डॉलरचा पाया हवा. पाया तितका वाढला नाही, तर दर वाढेल. वर सांगितलं तसं, काउंटीला दुसरा पर्याय नाही. दर न वाढवण्याचं वचन प्रत्यक्षात ‘अजून वीस वर्षं न वाढवण्याचं’ होतं. आणि २०११ मध्ये सहा वर्षांचं असलेलं, त्या नव्या वर्गात बसलेलं मूल शेवटचा हप्ता जाईल तेव्हा शेहेचाळीस वर्षांचं असेल. त्या वर्गाचे संगणक, गालिचे, वातानुकूलन यंत्रं त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेलेली असतील. इमारतीचं कर्ज इमारतीच्या आयुष्याइतकं लांबवणं समजू शकतं. पंधरा वर्षं टिकणाऱ्या वस्तूसाठी चाळीस वर्षांचं कर्ज म्हणजे लग्नातल्या जेवणावळीचं देणं नातवानं फेडायचं.

देखरेख समिती काय करत होती, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. समितीचा अधिकार खर्चापुरता असतो. यादीतल्या शाळेवरच पैसा गेला का, पगारात वळला नाही ना, एवढंच ती बघते. कर्ज किती मुदतीचं, फेड कितीपट, यावर तिला कायद्यानं बोलायला जागा नव्हती. विटा मोजणारे होते, व्याज मोजणारं कोणी नव्हतं. मतपत्रिकेवर मुद्दलाचा आकडा होता आणि सोबतच्या पत्रकात दराचा अंदाज. एकूण फेडीचा आकडा रोख्यांच्या अधिकृत विक्रीपत्रकात होता. तो दस्तऐवज जाड असतो आणि गुंतवणूकदारांसाठी लिहिलेला असतो.

कायदा बदलला

पाउवे एकटं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या अनेक डिस्ट्रिक्टनी मंदीच्या काळात हीच वाट धरली होती. पाउवेचा आकडा मोठा म्हणून नाव झालं. मिशिगन राज्यानं असे रोखे १९९४ मध्येच बंद केले होते. जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाचे कोषाध्यक्ष बिल लॉकयर आणि शिक्षणप्रमुख टॉम टॉर्लाकसन यांनी सगळ्या डिस्ट्रिक्टना कॅब काढणं थांबवायचं आवाहन केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी असेंब्ली बिल १८२ वर सही केली. १ जानेवारी २०१४ पासून ते लागू झालं.

त्यातल्या अटी अशा: एका विक्रीतली एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीपलीकडे नको. कॅबची मुदत २५ वर्षांपलीकडे नको, व्याजदर ८ टक्क्यांवर नको. मुदत १० वर्षांहून जास्त असेल तर दहाव्या वर्षापासून मुदतपूर्व फेडीची मुभा हवीच. आणि प्रस्ताव मंडळाच्या लागोपाठच्या दोन सभांत यायला हवा, आधी माहितीसाठी, मग निर्णयासाठी. त्यात एकूण खर्च आणि साध्या रोख्यांशी तुलना मांडायची.

यातली चौपटीची अट सगळ्यांत कडक आहे, हे गणित केल्यावरच कळतं. ७ टक्के दरानं रक्कम २० वर्षांतच चौपट होते, ८ टक्क्यांनी पावणेअठरा वर्षांत. पूर्ण २५ वर्षांची मुदत वापरायची तर दर ५.६ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे बाजार महाग असेल तेव्हा कॅब आपोआप आखूड होतात. कायदा करणाऱ्यांनी कॅब सरसकट बंद केले नाहीत ते मला पटतं. वेगानं वाढणाऱ्या डिस्ट्रिक्टला चार-पाच वर्षं हप्ते पुढे ढकलणं खरोखर उपयोगी पडतं. दुखणं चाळीस वर्षांचं होतं. जुन्या रोख्यांना मात्र हा कायदा लागू नाही. पाउवेची देणी जशीच्या तशी उभी आहेत.

२०१८ पासून आणखी एक सुधारणा झाली: मतपत्रिकेवरच रोख्यांची रक्कम, कराचा दर, दरवर्षी गोळा होणारी रक्कम आणि कालावधी छापावा लागतो. डिस्ट्रिक्टच्या लोकांची तक्रार अशी की पंचाहत्तर शब्दांच्या मजकुरात हे आकडे कोंबल्यावर शाळेबद्दल सांगायला जागाच उरत नाही. तक्रार खरी आहे, पण पाउवेनंतर ती करायला तोंड राहिलेलं नाही.

घरमालकानं काय बघायचं

राँचो बर्नार्डो, फोर-एस रँच या पट्ट्यात मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि कॅलिफोर्नियात इतरत्रही. घराचं बिल वर्षातून दोन हप्त्यांत भरायचं असतं, १० डिसेंबर आणि १० एप्रिल या शेवटच्या तारखा. बिलात वरचा १ टक्का वेगळा असतो. त्याखाली मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांच्या ओळी असतात, त्या करपात्र मूल्यावर बसतात. मेलो-रूस आणखी खाली, ठोक रकमेत. त्याचा मूल्याशी संबंध नसतो. एकाच गल्लीत या ओळींचे आकडे वेगळे निघतात याचं नवल वाटू देऊ नका. १९८० मध्ये १ लाखाला घेतलेल्या घराचं मूल्य २०११ पर्यंत फार तर १ लाख ८५ हजार झालं. ५५ डॉलरच्या दरानं त्याला वर्षाला १०२ डॉलर पडले. शेजारचं तसंच घर ६ लाखांना नव्यानं घेणाऱ्याला ३३०. रोख्यांचा भार नव्या बिऱ्हाडांवर जास्त पडतो तो असा.

महाराष्ट्रात याची सवय नाही, कारण इथे विचारतच नाहीत. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात पालिकेचा शिक्षण उपकर आणि राज्याचा शिक्षण कर अशा दोन ओळी असतात. त्या कायद्यानं बसल्या आहेत, कौलानं नाही. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेही सभागृहाच्या ठरावावर. त्यामुळे मतपत्रिकेवर पहिल्यांदा रोख्यांचा प्रश्न बघणारा नवा नागरिक ‘शाळेसाठी आहे ना, मग हो’ म्हणून मोकळा होतो.

मत द्यायच्या आधी दोन गोष्टी मागाव्यात. एक, या आधीच्या रोख्यांचं फेडीचं वेळापत्रक. त्यात हप्ते सपाट आहेत की शेवटी शेवटी डोंगर चढतात ते एका नजरेत कळतं. दोन, दराच्या अंदाजात करपात्र मूल्याची वाढ किती टक्के धरली आहे. ४ टक्क्यांच्या वर धरली असेल तर मंदीच्या वर्षांत काय होईल ते विचारावं. ‘दर वाढणार नाही’ असं उत्तर आलं तर लगेच ‘मग मुदत किती वाढणार’ हा पुढचा प्रश्न. विक्रीपत्रकं नगर-रोख्यांच्या एम्मा या सरकारमान्य संकेतस्थळावर फुकट मिळतात. शंभरेक पानं असली तरी फेडीचा तक्ता दोन पानांत असतो, डिस्ट्रिक्टचं नाव टाकून शोधता येतो.

मार्च २०२० मध्ये पाउवे डिस्ट्रिक्टनं पुन्हा मतदारांपुढे हात पसरला: मेझर पी, ४४ कोटी ८० लाख डॉलर. ५५ टक्के मिळाले नाहीत. सगळा दोष कॅबवर टाकणं बरोबर नाही. त्याच दिवशी राज्याच्या शाळांसाठीचा १,५०० कोटी डॉलरचा रोखे प्रस्तावही पडला आणि त्याचा क्रमांक योगायोगानं १९७८ च्या प्रस्तावासारखाच १३ असल्यानं घोळ झाला असं पुष्कळांचं म्हणणं होतं. पण पाउवेत प्रचाराच्या प्रत्येक सभेत ९८ कोटींचा विषय टाळता येण्यासारखा नव्हता. छपरं मात्र त्यानंतरही जुनी होतच राहिली, आणि २०११ च्या रोख्यांचा पहिला हप्ता २०३३ मध्ये आहे.